पायडल नसलेली मशीन : पंचायत राज समितीपुढे आलेला एक परिच्छेद

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेनं वाटलेल्या शिलाई मशीनचं आहे. मी तेव्हा तिथल्या महिला व बालकल्याण विभागात लेख्याचं काम बघायचे. जिल्हा, तालुके आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि आकडे थोडे हलवले आहेत. हिशेब मात्र एकमेकांशी जुळतील असेच ठेवलेत. पंचायत राज समितीचं कामकाज अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत गोपनीय असतं. तो अहवाल मांडला जाऊन बराच काळ लोटला, म्हणून आता लिहिते आहे.

## पार्श्वभूमी

‘पीआरसी लागली’ म्हटलं की काय होतं, हे जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. रजा रद्द होतात, शाळांना रंग लागतो, ग्रामसेवक दप्तर घेऊन पंचायत समितीत मुक्कामाला येतात. पीआरसी म्हणजे राज्य विधिमंडळाची पंचायत राज समिती. विधानसभा आणि विधान परिषद, दोन्हीकडचे आमदार तिच्यावर असतात. जिल्हा परिषदेचे लेखापरीक्षा अहवाल आणि वार्षिक प्रशासन अहवाल तपासणं हे तिचं काम.

संसदेतही ग्रामीण विकास आणि पंचायती राज खात्यांसाठी स्थायी समिती आहे. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे तिचे ३१ सदस्य. खातेनिहाय स्थायी समित्यांची ही पद्धत १९९३ साली सुरू झाली. ही समिती अनुदानाच्या मागण्या तपासते, केंद्रीय सचिवांना बोलावून प्रश्न विचारते, अभ्यासदौरेही करते. पण स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतला विषय. त्यामुळे एखाद्या पंचायत समितीच्या गोदामातली साठा नोंदवही उघडायची वेळ आली, तर ते काम राज्याच्या विधिमंडळाकडेच येतं. गावाच्या प्रश्नाला लोकप्रतिनिधींची समिती सगळ्यांत जवळून हात घालते ती इथे.

हात घालते, पण उशिरा. स्थानिक निधी लेखापरीक्षा खातं १९३० च्या अधिनियमानुसार जिल्हा परिषदेचे हिशेब तपासतं. आक्षेप निघतात, अहवालातल्या अशा एकेका आक्षेपाला परिच्छेद म्हणतात. आम्ही अनुपालन, म्हणजे आक्षेपांची उत्तरं, पाठवतो, काही परिच्छेद वगळले जातात, उरलेले छापले जातात. राज्यात जिल्हा परिषदा ३४ आणि समिती एक. एका दौऱ्याला तीन दिवस लागतात, आणि आमदारांना अधिवेशनंही असतात. म्हणून एखाद्या जिल्ह्याची पाळी येते तेव्हा समोर असलेला परिच्छेद चार-पाच वर्षांपूर्वीच्या खर्चाचा असतो. तो खर्च करणारे साहेब तोवर दोन जिल्हे बदलून गेलेले असतात. कागद तेवढे जागेवर असतात.

आमचा परिच्छेद शिलाई मशीनचा होता. जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून एका वर्षी गरजू महिलांसाठी ४८० पायडल मशीन घेतल्या. आठ तालुके, प्रत्येकी ६०. एका मशीनची किंमत साडेपाच हजार. लाभार्थ्यांची यादी विषय समितीनं मंजूर केलेली, खरेदी रीतसर. ही खरेदी २०१६ च्या आधीची आणि समितीचा दौरा त्यानंतरचा, एवढं ध्यानात ठेवा. कारण ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानं वस्तू वाटण्याची पद्धतच बदलली. वस्तूऐवजी पैसे थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा करायचे ठरलं.

## आक्षेप काय होता

लेखापरीक्षकांनी लिहिलं होतं ते साधारण असं : आठपैकी पाच तालुक्यांतल्या ३०० लाभार्थ्यांच्या पोहोच पावत्या तपासल्या, बरोबर आढळल्या. उरलेल्या तीन तालुक्यांतल्या १८० लाभार्थ्यांच्या पावत्या उपलब्ध करून दिल्या नाहीत. सबब ९ लाख ९० हजार रुपये आक्षेपाधीन ठेवण्यात येत आहेत.

वाचणाऱ्याला चित्र स्वच्छ दिसतं. पाच तालुके चोख, तीन तालुक्यांत गडबड. त्या तिन्ही तालुक्यांचा कार्यभार तेव्हा एकाच सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) मॅडमकडे होता. एक मूळ पदाचा, दोन अतिरिक्त. परिच्छेद आला तसा त्यांच्या नावानं कारणे दाखवा नोटीस निघाली. ती नोटीस मीच टाईप केली होती.

खरी हकीकत उलटी होती, आणि ती कळायला आम्हाला समितीचा दौरा लागला.

मशीनचं डोकं एका खोक्यात येतं आणि पायडलचं स्टँड वेगळं येतं. पहिल्या खेपेला पुरवठादारानं ४८० डोकी आणि २०० स्टँड पाठवले. ते दिवस फेब्रुवारीचे. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा, उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, अशी घाई. पाच तालुक्यांनी आलेल्या मशीन लगेच वाटल्या. २०० बायकांना पूर्ण मशीन मिळाली, १०० बायकांना नुसतं डोकं. पावती मात्र सगळ्यांची एकसारखी छापलेली होती : ‘शिलाई मशीन (पायडल स्टँडसह) १ नग मिळाले.’ खाली सही किंवा अंगठा.

त्या तीन तालुक्यांच्या सीडीपीओ मॅडमनी वाटायचं नाकारलं. ‘पायडल आल्याशिवाय मी एकाही बाईची सही घेणार नाही,’ असं त्या मासिक बैठकीत बोलल्या होत्या. मी त्या बैठकीत इतिवृत्त लिहायला होते. इतिवृत्तात ते वाक्य गेलं नाही, कारण बैठकीचा विषय पोषण आहाराचा होता.

उरलेले २८० स्टँड तीन महिन्यांनी आले. पुरवठादारानं माल पूर्ण दिला, त्याचं बिल पूर्ण निघालं, त्यात काही खोट नाही. पण सगळे स्टँड या तीनपैकी एकाच तालुक्याच्या गोदामात उतरवले गेले, कारण तिथे जागा होती. तिथून बाकीच्या तालुक्यांना आणि पुढे गावांना ते न्यायचे कशानं? अंदाजपत्रकात टेम्पोच्या भाड्याची तरतूदच नव्हती. खरेदीचं लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातला खर्चाचा कप्पा) वेगळं, वाहतुकीचं वेगळं, आणि वाहतुकीच्या शीर्षात शून्य. चोरी कुणी केली नव्हती. २६ लाख ४० हजारांची खरेदी टेम्पोच्या भाड्यापायी अडून बसली होती.

गोदामवाल्या तालुक्यानं पुढच्या वर्षी आपल्या ६० मशीन पूर्ण वाटल्या. बाकी दोन तालुक्यांतल्या पर्यवेक्षिकांनी जमेल तसे, कुणाच्या ट्रॅक्टरमधून, कुणाच्या जीपच्या टपावर बांधून स्टँड नेले आणि ८५ मशीन दिल्या. समितीच्या दौऱ्यापर्यंत गोदामात ३५ डोकी आणि १३५ स्टँड उरले होते.

## प्रश्नावली आली तेव्हा

दौऱ्याच्या आधी विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्नावली येते. प्रत्येक परिच्छेदावर लेखी उत्तर द्यायचं आणि त्याच उत्तरावर साक्ष होते. आमच्याकडे १९ दिवस होते. परिच्छेद दीडशेच्या वर, त्यातला एक आमचा.

या परिच्छेदाला काय उत्तर द्यायचं, यावर सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) साहेबांच्या दालनात तास-दीड तास बोलणं झालं. तीन मार्ग निघाले.

पहिला मार्ग सरळ खोटा होता, पण तो मांडणाऱ्याला तसा वाटत नव्हता. १८० पावत्या आता भरून घ्यायच्या, तारीख जुनी टाकायची. मशीन दिल्याच आहेत, कागद तेवढा राहिलाय, असं त्या अधिकाऱ्याचं म्हणणं. ३५ मशीन दिलेल्या नाहीत हे तेव्हा खोलीत कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

दुसरा कॅफो साहेबांचा. कॅफो म्हणजे मुख्य लेखा व वित्त अधिकारी. ‘अभिलेख उपलब्ध आहेत, पडताळणीसाठी सादर करण्यात येतील’ असं लिहायचं आणि परिच्छेद पुढे ढकलायचा. हे उत्तर आमच्याकडे इतकं रुळलेलं आहे की ते बोटं आपोआप टाईप करतात. त्यात खोटं काही नसतं आणि खरंही काही नसतं.

तिसरा सीईओ साहेबांनी स्वतः काढला. प्रत्यक्ष मोजून या. जे आहे ते लिहू.

साहेब तरुण होते, थेट भरतीचे, जिल्ह्यात येऊन आठ महिने झालेले. कॅफो साहेबांनी हळूच आठवण करून दिली की समितीला चुकीची माहिती दिली तर हक्कभंगापर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे जितकं कमी लिहू तितकं बरं. साहेब म्हणाले, ‘मग चुकीचं नको लिहायला.’

मोजणी ठरली. पण कुठे करायची? १९ दिवसांत आठही तालुक्यांतल्या ४८० घरी जाणं अवघड, म्हणून आक्षेप असलेल्या तीन तालुक्यांतच मोजायचं ठरलं. बाकी पाच तालुक्यांच्या पावत्या लेखापरीक्षकांनी ‘बरोबर’ म्हटलेल्या. त्यांच्याकडे पुन्हा जायचं कशाला?

आज मागे वळून बघते तेव्हा या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय मला हाच दिसतो. तो घेताना कुणाला तो निर्णय वाटलाच नाही. लेखापरीक्षणानं जिथे बोट ठेवलं तिथेच आम्ही पाहिलं. जिथे सही होती तिथे वस्तूही असणार, हे गृहीत धरलं.

## गोदाम

मोजणीला मी आणि एक विस्तार अधिकारी गेलो. गोदाम पंचायत समितीच्या जुन्या इमारतीमागे, पत्र्याचं. कुलपाची किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा दुपारपर्यंत बाजारला गेलेले. आत अंगणवाडीच्या जुन्या वजनकाट्यांचा ढीग, फाटक्या सतरंज्या, निवडणुकीच्या वेळी कुणीतरी ठेवलेल्या लाकडी पेट्या. त्यांच्यामागे भिंतीला टेकवून स्टँड रचलेले. खालच्या रांगेतल्यांना पावसाचं पाणी लागून गंज चढला होता. पायडल पायानं दाबलं तर करकरत अर्ध्यावर अडकायचं. चामडी पट्टे उंदरांनी कुरतडलेले. डोक्यांची खोकी मात्र कोरडी होती, कुणीतरी ती जाणीवपूर्वक टेबलावर ठेवली होती.

मी १३५ स्टँड मोजले आणि ३५ डोकी. वहीत लिहिलं. स्टँड शंभरानं जास्त का, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. पडलाही. मी विस्तार अधिकाऱ्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘जादा आले असतील, पुरवठादार देतात कधी कधी.’ पहिल्या खेपेचं चलन, ज्यावर डोकी ४८० आणि स्टँड २०० असं स्वच्छ लिहिलं होतं, ते माझ्याच कपाटात होतं. परत आल्यावर ते काढून पाहायचं राहिलं. आणखी सतरा परिच्छेदांची उत्तरं बाकी होती.

लेखी उत्तर गेलं : पाच तालुक्यांत ३०० मशीनचे वाटप पूर्ण, तीन तालुक्यांत १४५ चे पूर्ण, ३५ शिल्लक, शिल्लक राहण्याचे कारण वाहतुकीसाठी तरतूद नसणे. जिल्हा परिषदेच्या मानानं हे उत्तर फार प्रामाणिक होतं. आम्हाला त्याचा अभिमानही वाटला.

## पहिला दिवस : साक्ष

साक्ष म्हणजे काय ते न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. लांब टेबल, मध्ये समितीप्रमुख, दोन्ही बाजूंना आमदार. समोर सीईओ. बाजूला विधानमंडळ सचिवालयाचे प्रतिवेदक बसतात आणि प्रत्येक शब्द टिपून घेतात. उत्तर सीईओंनीच द्यायचं. खातेप्रमुख मागे बसतात, त्यांच्यामागे आमच्यासारखे फायली मांडीवर घेऊन. प्रश्न आला की मागून चिठ्ठी पुढे सरकते, तीन-चार हातांतून.

आमच्या परिच्छेदाला सात-आठ मिनिटं मिळाली. ३५ मशीन इतकी वर्षं का पडून राहिल्या, यावर साहेबांना चांगलंच ऐकावं लागलं. जबाबदार कोण, असं विचारल्यावर मागून सीडीपीओ मॅडमच्या नावाची चिठ्ठी गेली. साहेबांनी ती वाचली आणि घडी करून खिशात टाकली. ‘वाहतुकीची तरतूद मुख्यालयानं करायला हवी होती, ती केली नाही,’ एवढंच बोलले. मला तो क्षण अजून जसाच्या तसा आठवतो. नाव घेतलं असतं तर त्या दिवशी विषय मिटला असता.

## दुसरा दिवस : गावभेट

दुसऱ्या दिवशी समिती गटागटानं तालुक्यांना जाते. कुठल्या गावात कुठल्या शाळेत थांबायचं याची यादी ठरलेली असते आणि त्या गावांची तयारीही झालेली असते. आमच्या गटात तीन आमदार होते. तालुका ‘बरोबर’वाल्या पाचांपैकी.

ठरलेल्या अंगणवाडीत सगळं व्यवस्थित होतं. निघताना गटातल्या एका आमदार ताईंनी सेविकेला सहज विचारलं, ‘इथं मशीन मिळालेलं कोणी आहे का?’ सेविकेनं आमच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाली, ‘हाय ना, गल्लीतच.’

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत एका पाटावर मशीनचं डोकं, जुन्या साडीच्या पदरात गुंडाळलेलं. साडी सोडली तर आत तेल पाजलेलं, धुळीचा कण नाही. त्या बाई पाटासमोर मांडी घालून बसल्या. चाकाला त्यांनी मूठ बसवून घेतली होती. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हातानं कापड सरकवायचं.

आमदार ताई म्हणाल्या, ‘पायडल कुठाय?’

‘पायडल नाही भेटलं ओ ताई. येईल म्हणले होते. सही तर आधीच घेतली.’

‘किती दिवस झाले?’

‘पोरगी पोटात होती माझी तव्हा.’ पोरगी दारात उभी होती, शाळेच्या गणवेशात.

आमदार ताईंनी पंचायत समितीतून वाटप नोंदवही मागवली. त्या बाईंची सही होती, ‘पायडल स्टँडसह’ या शब्दांच्या बरोबर खाली. त्यांच्या वर आणि खाली आणखी सह्या.

## रात्रीचा हिशेब

त्या संध्याकाळी सीईओ साहेबांनी आम्हाला थांबवून घेतलं. विचारलं, ‘अशा किती असतील?’

कॅफो साहेबांचं मत होतं की ही एकच सुटी घटना म्हणून सांगावी. उद्याची साक्ष वार्षिक प्रशासन अहवालावर आहे, लेखा परिच्छेदांचं काम काल संपलंय. समितीनं स्वतःहून विषय काढला तर ‘चौकशी करून कळवतो’ म्हणता येईल. त्यांचा मुद्दा पद्धतीला धरून होता, आणि ते वाईट मनाचे नव्हते. त्यांनी बत्तीस वर्षं असेच दिवस काढले होते.

मी कपाटातून चलन आणलं. ४८० डोकी, २०० स्टँड. पाच तालुक्यांत ३०० वाटल्या, त्यांच्याकडे गेलेले स्टँड २००. गोदामात ३५ डोकी आणि १३५ स्टँड. हिशेब दोन ओळींचा होता.

‘शंभर,’ मी म्हटलं.

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग साहेबांनी विचारलं, ‘हे चलन कधीपासून आपल्याकडे आहे?’ पहिल्या दिवसापासून, असं मी सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला हलकं वाटलं असतं.

## तिसरा दिवस

साक्ष सुरू होताच साहेब उभे राहिले आणि आदल्या लेखी उत्तरात दुरुस्ती करण्याची परवानगी मागितली. ३०० पैकी १०० लाभार्थ्यांना स्टँड मिळालेलं नाही, पावत्यांवर मात्र तसं नमूद आहे, आणि ज्या तीन तालुक्यांवर आक्षेप आहे तिथे स्टँड नसताना सह्या घेतल्या गेल्या नाहीत म्हणूनच पावत्या नव्हत्या, हे त्यांनी सांगितलं. आधीचं उत्तर आपल्याच सहीनं गेलंय, तेव्हा चूक आपली, असंही.

समितीप्रमुख बराच वेळ कठोर बोलले, आणि ते रास्त होतं. पण त्यानंतर चर्चेनं जे वळण घेतलं ते मी विसरणार नाही. पावत्यांचा विषय बाजूला राहिला. एका सदस्यांनी विचारलं, वस्तू खरेदी करताना ती बाईच्या दारात पोहोचवायचा खर्च धरायचाच नाही, हा नियम आहे की सवय? नियम नव्हता. दुसऱ्यांनी विचारलं, आता पैसे खात्यात टाकता ना, मग तरी सुटलं का? तेव्हा आमच्या खातेप्रमुख मॅडमनी परवानगी घेऊन सांगितलं की आता लाभार्थ्यानं वस्तू आधी स्वतः घ्यायची, पावती द्यायची आणि मग पैसे जमा होतात. पाच-सहा हजार हातात नसणारी बाई अर्जच करत नाही. यादीत नाव असूनही मागे राहते.

‘म्हणजे जिला पायडल मिळालं नाही, तिला आता डोकंही मिळणार नाही,’ आमदार ताई म्हणाल्या.

चार वर्षांपूर्वीच्या ९ लाख ९० हजारांच्या आक्षेपातून एका चालू धोरणावरचा प्रश्न निघाला होता. कागदांवर तो आक्षेप कितीही तपासला असता तरी हा प्रश्न त्यातून निघाला नसता. तो पाटावरच्या मशीनमुळे निघाला.

## पुढे काय झालं

महिनाभरात आठही तालुक्यांत घरोघर मोजणी झाली. १०० पैकी ७१ बायका सापडल्या. उरलेल्यांपैकी काही ऊसतोडीला गेल्या होत्या आणि त्यांची घरं बंद, काही गाव सोडून गेल्या, दोघी वारल्या. गोदामातल्या १३५ पैकी ११२ स्टँड वापरता येण्याजोगे निघाले. जिल्हा परिषदेनं वाहतुकीची तरतूद पुनर्विनियोजनातून, म्हणजे दुसऱ्या शीर्षातले पैसे वळवून, केली आणि एका आठवड्यात तीन टेम्पोंनी ते काम उरकलं. त्या आठवड्यासाठी इतकी वर्षं गेली होती.

त्यानंतर मंत्रालयातल्या सचिवांची मुंबईला विधान भवनात साक्ष झाली, आणि त्याच्याही बऱ्याच नंतर अहवाल सभागृहात मांडला गेला. त्यात आमच्या परिच्छेदाखाली ‘अभिप्राय व शिफारशी’ आल्या : जबाबदारी निश्चित करावी, वस्तू खरेदीच्या अंदाजपत्रकात ती लाभार्थ्याच्या गावापर्यंत पोहोचवण्याचा खर्च धरावा, थेट पैसे देण्याच्या पद्धतीत गरीब लाभार्थ्याला आधी रक्कम उभी करावी लागू नये याचा विभागानं विचार करावा, आणि केलेली कार्यवाही तीन महिन्यांत कळवावी.

शिफारस ही शिफारस असते, समिती आदेश काढत नाही. वाहतूक खर्चाची शिफारस आली तेव्हा वस्तू खरेदीच जवळपास बंद झाली होती. थेट पैशांच्या मुद्द्यावर विभागानं ‘नोंद घेतली’ असं कळवलं. जबाबदारी निश्चित झाली ती पाच तालुक्यांतल्या पर्यवेक्षिकांवर, कारण पावत्यांवर त्यांच्या सह्या होत्या. दोघींच्या वेतनवाढी थांबल्या. ३१ मार्चच्या आत वाटा असं फोनवर सांगणाऱ्यांच्या सह्या कुठेच नव्हत्या. हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं.

तीन तालुक्यांच्या सीडीपीओ मॅडमची नोटीस मागे घेतली गेली. तसं पत्र त्यांना मिळालं तेव्हा त्यांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. त्यांनी मला फोन केला आणि फक्त विचारलं, ‘मी त्या बैठकीत बोलले होते ते लिहिलं होतंस का गं?’

## वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट माझी. स्टँड शंभरानं जास्त निघाले तेव्हा मी ते टिपणीवर घ्यायला हवं होतं. तोंडी विचारून सोडून दिलं. कार्यालयात जे टिपणीवर नाही ते घडलेलंच नसतं, हे मला माहीत होतं. मॅडमच्या वाक्याचंही तेच झालं.

मोजणी करायचीच होती तर आठही तालुक्यांत दहा-दहा घरं पाहायला हवी होती. ८० घरं १९ दिवसांत सहज झाली असती. आम्ही नमुना आक्षेपावरून ठरवला, आणि आक्षेप कागदावरून निघाला होता. लेखापरीक्षक पावती आहे की नाही ते पाहतात, पावती खरी आहे की नाही ते गावात गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून ज्यांनी खोटी सही घ्यायचं नाकारलं ते आक्षेपात आले आणि ज्यांनी घेतली ते सुटले.

सीईओ साहेबांनी पहिल्या दिवशी ती चिठ्ठी खिशात टाकली नसती तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. समितीनं मॅडमवर कारवाई सुचवली असती, दुसऱ्या दिवशी कुणी मशीनबद्दल विचारलंही नसतं. तो निर्णय त्यांनी कुठल्या माहितीवर घेतला नव्हता. त्यांना फक्त ते नाव पुरेसं वाटलं नाही.

समितीच्या बाजूनं एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. गावभेटीची यादी आम्हीच करून देतो. ती समितीनं स्वतः काढावी, आदल्या रात्री, चिठ्ठ्या टाकून. आमदार ताईंनी यादीत नसलेला एक प्रश्न विचारला आणि चार वर्षं झाकलेलं उघडं पडलं. तसे प्रश्न योगायोगावर सोडू नयेत. आणि लेखा परिच्छेदांची साक्ष गावभेटीच्या आधी ठेवण्याचा क्रम उलटा केला तर बरं होईल. आमच्या प्रकरणात साक्ष संपल्यावर खरं कळलं, आणि दुरुस्ती मागायची की नाही हे एका अधिकाऱ्याच्या मनावर राहिलं.

मोजणीच्या वेळी मी त्या पाटावरच्या मशीनवाल्या बाईंकडे पुन्हा गेले होते. समिती येऊन गेल्यावर त्यांनी वाट पाहिली नव्हती. बाजारातून जुनं स्टँड आणलं होतं, बचत गटातून अकराशे रुपये उचलून. लग्नसराई तोंडावर होती, ब्लाऊज शिवायचे होते. टेम्पोतून आलेलं आमचं स्टँड त्यांनी घेतलं, भिंतीशी उभं केलं आणि विचारलं, ‘मॅडम, हे परत घ्या न् ते अकराशे देता का?’

मी फाईल टाकली. कॅफो साहेबांनी ती दोनदा वाचली आणि परत पाठवली. अशा परताव्यासाठी लेखाशीर्ष नव्हतं.